कान वाजले म्हणू नका!

लहानपणी आमची आजी आम्हां मुलांना सांगायची, "दोन्ही कानांत बोटं घाला बघू. काय ऐकू येतं?" आम्ही बोटं घालायचो आणि आत नुसतं घूं-घूं! मग ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "रावणाची चिता जळतेय बरं ती. अजून विझली नाही." रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही एकेकजण कानांत बोटं घालून चिता विझली का ते पाहत असू. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी हा खेळ केला असेल. बोटं काढली की चिता विझायची आणि सुखानं झोप लागायची.

पण बोटं न घालताच ज्यांच्या कानांत ही चिता रात्रंदिवस जळत असते, त्यांनी काय करावं? आजचा आपला विषय तोच आहे. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला वाफेचा फुसफुसाट, तर कुणाला घणघण. याला कर्णनाद म्हणतात. दुखणं काही आजकालचं नव्हे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांतही कर्णनाद आहेच.

हा विषय आज घेण्याचं कारण घरातलंच आहे, आणि ते सांगताना मला थोडी लाजही वाटते.

आमच्या सासूबाईंचा सगळा संसार इचलकरंजीला झाला. १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग लागला आणि पुढं सारं गावच मागांचं झालं. आमचंही तसंच. खाली माग, वर बिऱ्हाड. तीस-पस्तीस वर्षं त्या खटक-खटक आवाजात सासूबाईंनी कांड्या भरल्या, स्वयंपाक केला, मुलं निजवली. मामंजी गेल्यावर त्या पुण्याला आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्याच आठवड्यात एका रात्री त्यांनी मला हलवून जागं केलं. "अगं, कुठंतरी शिट्टी वाजतेय बघ. कुणाचा कुकर राहिला की काय गॅसवर?"

रात्रीचे दोन वाजलेले. मी गॅलरीत जाऊन कानोसा घेतला. सगळीकडे सामसूम. झोपमोड झाल्याच्या तिरीमिरीत मी म्हटलं, "काही नाही हो आई, कान वाजले असतील तुमचे. झोपा आता."

झालं! त्यानंतर दीड वर्ष त्यांनी त्या शिट्टीचं नाव काढलं नाही.

कान वाजले असतील! किती सहज म्हणतो आपण. म्हणजे तुला भास झाला, मनावर घेऊ नकोस. आपली भाषाच या दुखण्याला भास ठरवून मोकळी झाली आहे. पण ज्या बाईचे कान खरोखर वाजताहेत, तिनं हे ऐकून काय समजावं?

सासूबाईंनी काय समजलं ते मला पुढं माझ्या मुलीकडून कळलं. तिला जवळ घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय गं. आईला सांगू नकोस हं." मधल्या काळात त्यांनी भजनी मंडळात जाणं सोडलं होतं. "साखर द्या" म्हटलं की "भाकर?" म्हणून विचारायच्या. फोडणी तर रोज जळायची. मी मनात म्हणायची, यांचं हल्ली लक्ष नसतं. अहो, लक्ष कसलं! तेलातली मोहरी तडतडलेली त्यांना ऐकूच येत नव्हती.

एवढा मोठा संगीतकार बीथोवन, त्याचीही हीच गत. १८०१ साली आपल्या एका डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं कान रात्रंदिवस वाजत असल्याचं कळवलं आहे, आणि कमी ऐकू येतं हे सांगायचं कसं या संकोचापायी आपण लोकांत मिसळणं टाळतो, असंही. तेव्हा लपवाछपवी ही काही आपल्या सासवांचीच खोड नाही.

आवाज येतो कुठून?

कानाच्या अगदी आत शंखासारखा वळसे घेतलेला एक बारीक भाग असतो. त्यात केसासारखे तुरे असलेल्या नाजूक पेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. बाहेरचा आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजानं, वयानं किंवा एखाद्या औषधानं या पेशी मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात म्हणे, पण आपल्याला ते वरदान नाही. एकदा गेल्या त्या गेल्या.

आता तुमचा जुना रेडिओ आठवा. स्टेशन नीट लागेना की आपण आवाज वाढवतो आणि मग खरखर ऐकू येते. मेंदूही तेच करतो. ज्या सुरांचे संदेश कानाकडून यायचे थांबले, त्यांच्यासाठी तो आपला आवाज वाढवून बसतो आणि आतली खरखर ऐकू लागतो. म्हणून पुष्कळांचा कर्णनाद हा मुळात ऐकू कमी येण्याचा सोबती असतो. हा भास नव्हे आणि वेड तर मुळीच नव्हे.

१९५३ साली अमेरिकेत एक गमतीचा प्रयोग झाला. ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना बाहेरचा आवाज येणार नाही अशा खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. शंभरी ९४ जणांना काही ना काही आवाज ऐकू आला! म्हणजे आत थोडाफार नाद प्रत्येकाच्याच असतो, भोवतालच्या गलबल्यात तो बुडून जातो इतकंच. आजीची रावणाची चिता तरी काय होती? बोटांच्या नि हाताच्या स्नायूंची थरथर आणि रक्ताचं वाहणं, हेच ते घूं-घूं.

जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली काढलेला अंदाज असा, की शंभर प्रौढांत साधारण चौदाजणांना कर्णनाद असतो. त्यांतल्या दोघांना तो फार जाच करतो. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

कारणं कोणकोणती?

सगळ्यात साधं कारण म्हणजे मळ. मळाचा बोळा पडद्याशी चिकटला की कान भरल्यासारखा वाटतो आणि वाजू लागतो. डॉक्टरांनी तो काढला की आवाज बहुधा जातो. कान फुटणं, पडद्याला भोक असणं, सर्दीनं कान दडपणं यांनीही हेच होतं.

दुसरं कारण मोठा आवाज. माग, कारखाने, फटाके, मिरवणुकीतल्या भिंती आणि मुलांच्या कानांतले इअरफोन. तिसरं कारण वय. ते कुणाला चुकलं आहे?

चौथं कारण बायकांनी विशेष लक्षात ठेवावं. मधल्या कानात रिकिबीच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं. काहींच्यात ते जागच्या जागी घट्ट होत जातं. ऐन तिशी-चाळिशीत ऐकू कमी येतं आणि कान वाजतात. पुरुषांपेक्षा बायकांत हे जास्त दिसतं. याला शस्त्रक्रिया आहे आणि पुष्कळांना तिचा चांगला गुण येतो.

पाचवं, औषधं. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, क्विनाइन, जेंटामायसिन नि अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरची काही औषधं, पूर्वी क्षयासाठी सर्रास देत ते स्ट्रेप्टोमायसिन, यांनी कान वाजू शकतात. पण म्हणून औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही! हृदयासाठी घ्यायची ॲस्पिरिनची छोटी गोळी तर नाहीच नाही. डॉक्टरांना तसं सांगा, काय बदलायचं ते ते बघतील.

आणि सहावं, अंगातलं रक्त. नाडीच्या ठेक्यावर कानात धप-धप किंवा सूं-सूं होत असेल तर मनगटाची नाडी धरून पाहा. ठेका जुळतो का? जुळला, तर रक्तदाब, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. घरच्यांना वाढून उरेल ते खाणाऱ्या आपण! कान वाजण्याचं मूळ कधी कधी आपल्या ताटात असतं.

याशिवाय दात खाण्याची सवय, जबड्याचा सांधा, मानेचं दुखणं, जागरणं आणि काळजी यांनी आवाज वाढतो. चक्कर, कान जड होणं, ऐकू कमी येणं आणि कान वाजणं ही चौकडी मिळून झटक्यांनी येत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यात मीठ कमी करायला सांगतात. पण निदान डॉक्टरांनी करायचं, आपण नव्हे.

लगेच केव्हा धावायचं?

हा भाग कापून कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवलात तरी चालेल.

एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानानं ऐकू येईनासं झालं, मग कान वाजत असो वा नसो, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. "सर्दी असेल, उतरेल" म्हणून आठवडा घालवू नका. स्टेरॉइडची औषधं सुरुवातीच्या दिवसांत दिली तर ऐकू येणं परत मिळण्याची आशा असते. पहिल्या दोन आठवड्यांनंतर ती फार कमी होते. या एका बाबतीत कान वाजले म्हणून गप्प बसणं खरोखर महागात पडतं.

एकाच कानात सतत आवाज असेल तरी तपासणी टाळू नका. क्वचित कानाच्या नसेवर गाठ असते. ती कर्करोगाची नसते, पण वेळेवर कळलेली बरी.

नाडीच्या ठेक्यावर आवाज आणि त्याबरोबर डोकं दुखणं, नजर अंधूक होणं असेल, विशेषतः वजन वाढलेल्या तरुण मुलीच्यात, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवायला हवं. डोक्यातला दाब वाढल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि दुर्लक्ष केलं तर नजरेवर बेततं.

तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं, डोक्याला मार लागल्यावर कान वाजणं, यांत तर वाटच पाहायची नाही. तडक दवाखाना गाठायचा.

हे मात्र करू नका

केसांतली पिन, आगकाडी, विणायची सुई कानात घालू नका. त्यानं मळ निघत नाही, आत ढकलला जातो. रस्त्यावरच्या कान साफ करणाऱ्यापुढं कान धरू नका. लसूण कडवलेलं कोमट तेल हा आपल्याकडचा घरोघरचा उपाय. पण पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन कान सडवतं. वैद्यबुवा कर्णपूरण करतात तेसुद्धा आधी कान बघूनच. मग आपण न बघता कसं ओतायचं?

आणि वर्तमानपत्रातल्या "आठ दिवसांत आवाज बंद" छापाच्या जाहिरातींना भुलू नका. कर्णनाद हमखास घालवणारी गोळी आजतागायत निघालेली नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्टच सांगितलं, की गिंको, जस्त, मेलाटोनिन असल्या गोळ्या कर्णनादासाठी देऊ नयेत. तेवढ्या पैशांत महिनाभर पालेभाजी नि फळं येतील.

मग उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे ऐकण्याची तपासणी. याला ऑडिओमेट्री म्हणतात. बंद खोलीत बसवून कानांना हेडफोन लावतात, बारीक बारीक सूर वाजवतात, आणि आपण ऐकू आलं की बटण दाबायचं. दुखत नाही, खुपत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही सोय असते. मुंबईत वांद्र्याला १९८३ सालापासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

सासूबाईंची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी आलेख समोर धरला. खालचे सूर ठीक, वरचे सूर एकदम घसरलेले. "आजी, मागावर होतात का हो?" त्यांनी न सांगता विचारलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग डॉक्टर म्हणाले, "तुमचं डोकं अगदी शाबूत आहे. कान थकलेत, त्याला आम्ही मदत देऊ." मैत्रिणींनो, निम्मं दुखणं त्या एका वाक्यानं उतरलं. दीड वर्षापूर्वी ते वाक्य मी बोलायला हवं होतं.

दुसरा उपाय श्रवणयंत्राचा, ऐकू कमी येत असेल तर. बाहेरचे आवाज पुन्हा आत येऊ लागले की मेंदूला आतली खरखर ऐकत बसावं लागत नाही. यंत्र लावल्या दिवशीच जादू होत नाही हं. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा नकोसा होतो. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचं.

तिसरा उपाय अगदी घरचा. शांततेत बसू नका. कर्णनादाला शांतता मानवत नाही. दिवा मोठ्या खोलीत नेला की लहान दिसतो, तसा हा नाद भोवतालच्या सौम्य आवाजात लहान होतो. रात्री पंखा चालू ठेवा, उशाशी रेडिओ बारीक लावा, पावसाचं किंवा वाहत्या पाण्याचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावा. आवाज कर्णनादाला बुडवेल इतका मोठा मात्र नको, त्याच्याहून थोडा बारीकच ठेवा. दोन्ही एकत्र ऐकू येत राहिले की हळूहळू मेंदू ठरवतो, हा आवाज काही कामाचा नाही. घड्याळाची टिकटिक आपण कुठं ऐकतो? तसंच.

चौथा उपाय मनाचा. कान वाजले की भीती वाटते, भीतीनं झोप उडते, जाग्या माणसाला आवाज आणखी ऐकू येतो. हे रहाट तोडायचं असतं. समुपदेशक विचारांची नि वागण्याची सवय बदलायला शिकवतात. त्याचा त्रास कमी होण्यासाठी चांगला उपयोग होतो, हे तपासून सिद्ध झालं आहे. आवाज तोच राहतो, पण जाच उरत नाही. आणि मन फारच खचलं, जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर बोला. २०२२ पासून ही मोफत सेवा आहे आणि मराठीतही बोलता येतं.

होऊच नये म्हणून

हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर समजा इथला आवाज कानाला जड आहे. मिक्सर भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली जाड घडीचं फडकं घाला, आणि लाडू-चटण्यांच्या दिवसांत थांबून थांबून वाटण करा. मुलांना इअरफोन अर्ध्याच आवाजावर आणि मधे मधे काढून ठेवण्याची सवय लावा.

हल्ली आपल्या लेकी ढोलपथकांत मोठ्या हौसेनं जातात. जाऊ द्यात, छानच आहे! पण सरावाला आणि मिरवणुकीला कानांत फोमचे बोळे घालायला लावा. ते औषधांच्या दुकानात मिळतात. कापसाच्या बोळ्यानं फारसं भागत नाही. वाजवून घरी आल्यावर रात्री कान वाजले तर ती कानांची तक्रार समजा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विश्रांती द्या. लहान बाळाला तर भिंतीजवळ नेऊच नका.

दोन शंका

"चहा-कॉफी सोडावी का?" सगळ्यांनी सोडावी असं काही नाही. आठ-पंधरा दिवस कमी करून पाहा. तुमच्या कानाला फरक पडला तर कमी घ्या, नाही तर सुखानं प्या. संध्याकाळनंतर मात्र नको, झोपेसाठी.

"गरोदरपणात कान वाजू लागले, धोका आहे का?" बहुधा नसतो. पण रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लगेच तपासा. डोकेदुखी, पायांवर सूज किंवा डोळ्यांपुढं काजवे चमकणं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

सासूबाईंची शिट्टी अजून वाजते, बरं का. "असते आपली एका कोपऱ्यात," म्हणतात. भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं आहे. आणि फोडणी आता त्याच करतात. मी मधे लुडबुड केली की म्हणतात, "थांब गं, अजून तडतडली नाही."

तेव्हा एवढंच सांगणं. घरात कुणी म्हणालं, "कुठं काही वाजतंय का?" तर उठून गॅस बघून या हवं तर. पण परत येऊन "कान वाजले असतील" म्हणून दिवा मालवू नका. जवळ बसा आणि विचारा, "कधीपासून वाजतंय? एका कानात की दोन्ही?" पुढचं डॉक्टर विचारतील. पहिला प्रश्न आपण विचारायचा असतो.